गाभा, परीघ आणि रोजची ये-जा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीचे विद्यार्थी, बी.ए.ला भूगोल घेतलेले, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे आणि रोज विरार किंवा कसाऱ्याच्या पट्ट्यातून मुंबई गाठणारे काही वाचक जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं बहुतेक मुंबई महानगर प्रदेशातली आहेत, कारण गाभा आणि परीघ यांचं नातं इथे रोज सकाळी फलाटावर उघड दिसतं. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. गाभा प्रदेश आणि परीघ प्रदेश म्हणजे सोप्या भाषेत काय?

रोजगार, भांडवल, मोठी इस्पितळं, विद्यापीठं आणि निर्णय घेणारी कार्यालयं जिथे एकवटतात, तो गाभा. या सगळ्यासाठी जो भाग गाभ्याकडे बघतो आणि त्याला माणसं, पाणी, भाजी, दूध, वाळू, स्वस्त जमीन पुरवतो, तो परीघ. पुस्तकातल्या आकृतीत वर्तुळाभोवती वर्तुळ असतं, त्यामुळे बरीच मुलं "मध्यभागी असतो तो गाभा" असं लिहितात. मुंबईचा जुना गाभा तर बेटाच्या पार दक्षिण टोकाला आहे, तीन बाजूंनी पाणी. कोण कोणावर अवलंबून आहे आणि ते नातं तुटलं तर कोणाचं जास्त बिघडतं, हे बघा. फोर्टमधल्या कचेरीला डोंबिवलीची माणसं लागतात आणि डोंबिवलीला फोर्टमधला पगार लागतो. पण गाडी रखडली की लेट मार्क डोंबिवलीकराला लागतो.

२. हा सिद्धांत कोणाचा? परीक्षेत कोणती नावं लिहायची?

जॉन फ्रीडमन, १९६६. त्याने विकासाचे चार टप्पे मांडले: औद्योगिकीकरणपूर्व काळातली विखुरलेली छोटी केंद्रं, संक्रमणाच्या काळात एकच बलाढ्य गाभा, औद्योगिक टप्प्यात तयार होणारे उपगाभे, आणि शेवटी परस्परांशी जोडलेली, बऱ्यापैकी समतोल अशी रचना. शेवटचा टप्पा आपोआप येतो असं गृहीत धरू नका, उत्तरपत्रिकेतही तसं लिहू नका. त्याआधी, १९५७ मध्ये गुन्नार मिर्डाल यांनी दोन उलट प्रवाह दाखवले होते: गाभ्याची भरभराट बाहेर पसरते, आणि तोच गाभा परिघातली माणसं व पैसा ओढूनही घेतो. पुढच्या वर्षी आल्बर्ट हर्शमन यांनी जवळपास हीच जोडी वेगळ्या नावांनी मांडली. या तिघांवर बहुतेक प्रश्न सुटतात.

३. रोजची ये-जा आणि स्थलांतर यांत फरक काय? आमचे काका मुंबईत नोकरीला असतात आणि गणपतीला गावी येतात, ते कशात मोडतात?

रात्री कुठे झोपता, यावर ठरतं. सकाळी कामाला जाऊन त्याच दिवशी घरी परतणं ही रोजची ये-जा, ज्याला आपण सरळ अपडाऊन म्हणतो. राहतं घरच हललं तर स्थलांतर. तुमचे काका रत्नागिरीहून मुंबईला स्थलांतरित झाले आहेत. गणपतीतला प्रवास ही गावभेट. मात्र तेच काका दिव्याला राहून मशीद बंदरला कामाला जात असतील, तर ते दोन्हीकडे मोजले जातील: कोकणाच्या दृष्टीने स्थलांतरित, मुंबईच्या दृष्टीने रोजचे प्रवासी. कोकणातल्या चाकरमान्यांच्या बाबतीत हे फार सामान्य आहे. त्यामुळे एकाच माणसाला दोन रकान्यांत टाकायला घाबरू नका.

तिसरा प्रकार हंगामी स्थलांतराचा. जव्हार-मोखाड्याची कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी, वाडा, वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाआधी परततात. त्यांचा मुद्दा प्रश्न ८ मध्ये आहे.

४. मुंबईचा गाभा नेमका कुठला? फोर्ट, अंधेरी की बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल)?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. आज मुंबईला एकच गाभा उरलेला नाही, असं माझं उत्तर आहे. तो कसा विखुरला हे समजून घेण्यासारखं आहे.

१८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली, तेव्हा व्यापार, बंदर आणि कारभार किल्ल्याच्या, म्हणजे आजच्या फोर्टच्या, आसपास होता. त्याच दशकात कापड गिरण्या सुरू झाल्या आणि भायखळा, लालबाग, परळ हा गिरणगाव उभा राहिला. गिरणी कामगाराची ये-जा पायी होती. चाळ भोंगा ऐकू येईल इतकी जवळ, आणि पाळी सुटली की माणूस दहा-पंधरा मिनिटांत घरी.

जानेवारी १९८२ चा संप आणि त्यानंतर एकामागून एक बंद पडलेल्या गिरण्या यांनी ही रचना मोडली. गिरण्यांच्या जमिनीवर काचेच्या इमारती आणि मॉल आले. कामगारांची कुटुंबं डोंबिवली, नालासोपारा, बदलापूरकडे सरकली. आज त्यांतलीच काही नातवंडं लोअर परळच्या त्याच आवारात कामाला येतात, पण दीड तास गाडीत उभं राहून. गाभा सरकला, त्याच्याखालचे पूल आणि फलाट मात्र गिरणीच्या काळातले राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले, ते याच दुखऱ्या जागेवर.

बीकेसीची कथा निराळी. खाडीकाठची दलदल, १९७७ मध्ये एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) नियोजन, आणि पुढे बँका, वित्तसंस्था, हिरे बाजार. इतका मोठा रोजगार उभा राहिला, तरी ऑक्टोबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो येईपर्यंत तिथे रेल्वेचं स्वतःचं स्थानक नव्हतं. कुर्ला किंवा वांद्र्याला उतरायचं आणि शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं. अंधेरीचा पूर्व भाग सीप्झ (निर्यात उद्योगांचं खास क्षेत्र) आणि मरोळच्या औद्योगिक वसाहतीमुळे वाढला. प्रकल्पात "बहुकेंद्री गाभा" असं लिहा आणि कोणत्या कामासाठी कोणता, ते सांगा.

५. इतका त्रास आहे तर लोक कामाजवळ का राहत नाहीत?

घर परवडत नाही म्हणून. जागेचा भाव गाभ्यापासून दूर जाताना उतरतो आणि प्रवासाचा खर्च चढतो. कुटुंब या दोन रेषांच्या मधली जागा शोधतं. मुंबईत लोकलचा महिन्याचा पास सुट्या तिकिटांच्या मानाने फारच स्वस्त आहे, त्यामुळे पैशातला खर्च थोडा आणि वेळेतला प्रचंड. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किमी. घरापासून टेबलापर्यंत एका बाजूचे दोन तास धरले, तर दिवसाचे चार तास जातात. जगभरातल्या शहरांचा अभ्यास करून चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये म्हटलं होतं की माणूस रोजच्या प्रवासाला सरासरी तासभर देतो. बदलापूरकर त्याच्या चौपट देतो.

याचा ठसा जनगणनेतही आहे. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर घसरली. त्याच काळात तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढून १ कोटी १० लाखांवर गेला, देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा झाला. जनगणना माणसाला तो राहतो तिथे मोजते. म्हणून आकड्यांत मुंबई शहर रिकामं होताना दिसतं आणि दुपारी एक वाजता चर्चगेटच्या बाहेर पाय ठेवायला जागा नसते.

६. महानगर प्रदेशाची हद्द कुठे संपते? हे कशावरून ठरवतात?

दोन पद्धती आहेत आणि त्यांची उत्तरं जुळत नाहीत. पहिली शासकीय: सरकार तालुके ठरवून हद्द आखतं. २०१९ मध्ये वाढ झाल्यावर मुंबई महानगर प्रदेश सुमारे ६,३०० चौ. किमी. झाला आणि पालघर, अलिबाग, पेण, खालापूर हे तालुके पूर्णपणे त्यात आले.

दुसरी ये-जा मोजून ठरवायची. युरोपात ज्या भागातले किमान १५ टक्के कामकरी शहरात कामाला जातात, तो भाग त्या शहराच्या प्रदेशात धरतात. अमेरिकेत काउंटीसाठी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ही मर्यादा २५ टक्के आहे. आपल्याकडे असा नियमच नाही, आणि असता तरी तो लावायला लागणारे आकडे मिळत नाहीत (प्रश्न १३). त्यामुळे गंमतीदार विसंगती निर्माण होतात. लोकल कसाऱ्यापर्यंत जाते, २०१३ पासून डहाणू रोडपर्यंतही जाते. ही दोन्ही स्थानकं महानगर प्रदेशाच्या शासकीय हद्दीबाहेर आहेत. रोज जगण्यातली हद्द नकाशातल्या हद्दीच्या पुढे पोहोचली आहे.

७. पुणे आणि नाशिकहून मुंबईला पास काढून जाणारे लोक आहेत. मग पुणे मुंबईचा परीघ का?

नाही. डेक्कन क्वीन १९३० पासून धावते, पंचवटी एक्सप्रेसने नाशिककरांची पिढी अपडाऊन करत आली. पण त्या शहरांतल्या एकूण कामकऱ्यांच्या मानाने हे प्रवासी अगदी थोडे आहेत. पुण्याला स्वतःचा रोजगार, स्वतःची विद्यापीठं आणि स्वतःचा परीघ आहे. दोन गाभ्यांमधली ये-जा म्हणून हे लिहा.

८. जव्हार-मोखाडा मुंबईपासून दीडशे किमीच्या आसपास आहे. इतक्या जवळ असून मागे का राहिलं?

कारण परीघ किलोमीटरवर ठरत नाही. डहाणूपासून मुंबईला लोकल आहे. जव्हारला रेल्वेच नाही. जव्हारच्या पाड्यावरून सकाळी निघून ठाण्यात नोकरी करून रात्री परतणं अशक्य आहे, म्हणून तिथला माणूस रोजचा प्रवासी होऊ शकत नाही. तो हंगामी मजूर होतो, आणि हंगामी मजुराची पोरं शाळेतून सुटतात, त्यांचं रेशन आणि अंगणवाडी मागे गावात राहते. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली आणि सगळ्या राज्याला हा भाग कळला. तेव्हा तो ठाणे जिल्ह्यातच होता; पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला.

आता पाण्याकडे बघा. मुंबईचं पाणी मुख्यतः तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा या जलाशयांतून येतं. शहापूर-मोखाड्याचे डोंगर आणि पलीकडचा इगतपुरीचा भाग मिळून हे शहर पाणी पितं. शहापूर तालुक्यातल्या गावांना मात्र उन्हाळ्यात टँकर लागतो. हंडे घेऊन टँकरभोवती उभ्या असलेल्या बायकांपासून मुंबईला जाणारी जलवाहिनी फार लांब नसते. ओढून घेणाऱ्या परिणामाचं (प्रश्न २) याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही, आणि ते आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

९. सकाळी उलट दिशेच्या गाड्याही भरलेल्या असतात. सगळे गाभ्याकडेच जातात ना?

सगळे नाही. बोईसरला तारापूरची औद्योगिक वसाहत आहे, तिथे विरार-वसईहून माणसं रोज उत्तरेला जातात. ठाणे-बेलापूर पट्टा, ऐरोली आणि महापेची आयटी संकुलं यांच्याकडे मुंबई-ठाण्यातून लोक जातात. नोव्हेंबर २००४ मध्ये ट्रान्स-हार्बर मार्ग सुरू झाल्यावर ठाणे-वाशी हा प्रवास दक्षिणेला न जाता होऊ लागला. याला उलटी ये-जा म्हणतात. उपनगरातून उपनगरात होणारी ये-जा हा आणखी एक प्रकार, आणि तो वाढतो आहे. पुण्यात तर हाच मुख्य प्रवाह आहे: कोथरूड किंवा हडपसरला घर, नोकरी हिंजवडीत नाहीतर चाकणमध्ये.

१०. गाभा दुसऱ्या राज्यात असू शकतो का?

हो, आणि सीमाभागातल्या वाचकांना हे समजावून सांगावं लागत नाही. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीची तरुण मुलं रोज मोटारसायकलने पेडणे, म्हापसा, डिचोलीकडे कामाला जातात. गंभीर आजार झाला की सिंधुदुर्गातून गाडी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजकडेच वळते. चंदगडकरांची बाजारपेठ बेळगाव. तलासरीचे कामगार उंबरगावच्या कारखान्यांत.

राज्याची सीमा माणसं सहज ओलांडतात. अडचण सोयी-सवलतींची होते. २०१८ च्या सुरुवातीला गोव्याने बाहेरच्या राज्यांतल्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा सिंधुदुर्गात आंदोलनं झाली. गाभा एका सरकारचा आणि परीघ दुसऱ्याचा असेल, तर परिघातल्या माणसाला गाभ्याच्या कारभारात मत नसतं. हा मुद्दा उत्तरात जरूर घ्या.

११. बायकांच्या ये-जा करण्याचा वेगळा अभ्यास का करतात?

कारण बाईचा प्रवास बहुधा घर ते ऑफिस एवढाच सरळ नसतो. मधे पाळणाघर, शाळा, भाजी, सासूबाईंची औषधं. संध्याकाळच्या लेडीज डब्यात एकदा नीट बघा: मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडली जाते, मटार सोलले जातात, कारण घरी पोचल्यावर लगेच कुकर लावायचा असतो. प्रवासाचा वेळ हा त्यांच्या घरकामाचाच वेळ झाला आहे. मे १९९२ मध्ये चर्चगेट ते बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, त्याने गर्दीचा प्रश्न थोडा हलका झाला. वेळेचा तसाच राहिला. लांबच्या परिघात राहणाऱ्या अनेक बायका म्हणूनच कमी पगाराचं पण जवळचं काम धरतात. सरासरी अंतर कमी दिसलं की "महिलांना सोयीचा प्रवास" असा निष्कर्ष काढू नका.

१२. मेट्रो, अटल सेतू झाले की परीघ जवळ येतो आणि त्याचा विकास होतो. बरोबर ना?

जवळ येतो हे खरं, पण कोणासाठी ते विचारा. अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला, २१.८ किमी लांबीचा, शिवडीहून थेट न्हावा-शेव्याकडे. त्यावर दुचाकी आणि रिक्षाला परवानगी नाही, मोटारीला एका फेरीचा टोल २५० रुपये ठरला. उरण-पनवेलच्या ज्या माणसाकडे मोटार आहे त्याला मुंबई जवळ आली. बाकीच्यांच्या गावातले जमिनीचे भाव मात्र लगेच जवळ आले.

नवी मुंबईचा इतिहास इथे उपयोगी पडतो. मुंबईवरचा भार हलका करायला १९७० मध्ये सिडको (नवं शहर उभारणारं सरकारी महामंडळ) स्थापन झाली. १९९२ मध्ये खाडीवरून लोकल वाशीला पोहोचली, तेव्हा तिथे घरं झपाट्याने भरली आणि सकाळी सगळे मुंबईकडे निघाले. रोजगार पुरेसा उभा राहायला आणखी काळ लागला. रस्ता दोन्ही दिशांना नेतो. त्याच्या पलीकडच्या टोकाला कामं, इस्पितळ, कॉलेज असेल तरच परीघ सावरतो. नाहीतर नुसती ये-जा लांबते.

१३. ये-जा करणाऱ्यांचे आकडे कुठे मिळतील?

२०११ च्या जनगणनेने कामाच्या जागेचं अंतर आणि प्रवासाचं साधन विचारलं. तक्ता बी-२८ शोधा, जिल्हानिहाय मिळतो. दोन मर्यादा लक्षात ठेवा. त्यात फक्त "इतर कामकरी" आहेत. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले वगळले आहेत. आणि अंतर कळतं, पण माणूस नेमका कुठे जातो ते कळत नाही. पुढची जनगणना २०२७ ची, तोवर हेच आकडे वापरावे लागतील.

१४. वर्क फ्रॉम होममुळे हे सगळं बदललं का?

लॅपटॉपवर काम असणाऱ्यांचं काही अंशी बदललं. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली आणि जूनमध्ये फक्त अत्यावश्यक सेवेसाठी सुरू झाली. जुलैमध्ये बस मिळेना म्हणून नालासोपाऱ्यात प्रवासी थेट रुळांवर उतरले. ते कोण होते, हे बघितलं तर उत्तर मिळतं: दुकानातले, कारखान्यातले, छोट्या खासगी कचेऱ्यांतले लोक, ज्यांचं काम घरी आणता येत नाही. पुढे निर्बंध उठले आणि गर्दी परतली. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत मुंबईच्या रेल्वेमार्गांवर दोन हजारांहून अधिक माणसं मेली. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ चालत्या गाड्यांच्या दारांतून प्रवासी पडले. दारात उभं राहणारा माणूस हौसेने तिथे नसतो, आत जागा नसते.

१५. प्रकल्पासाठी स्टेशनवर सर्वेक्षण करायचं आहे. काय काळजी घ्यावी?

पहिली गोष्ट: चढणारा प्रत्येक जण त्याच गावचा धरू नका. नालासोपाऱ्याचे कितीतरी प्रवासी सकाळी आधी विरारला उलटे जातात आणि बसायला जागा धरून तिथूनच परत निघतात. डोंबिवलीकर कल्याणला जाऊन तेच करतात. विरारच्या फलाटावर नुसती डोकी मोजली तर विरारची ये-जा फुगलेली दिसेल. म्हणून "कुठे चढलात" याऐवजी "घर कुठे" विचारा.

सकाळी कोणी थांबून बोलणार नाही. परतीच्या वेळी रिक्षाच्या रांगेत विचारा, तिथे माणूस तसाही उभा असतो आणि मोकळेपणाने बोलतो. मालडब्यातून उतरणाऱ्या भाजीवाल्या आणि कोळणींना वगळू नका. त्यांचा कामाचा दिवस पहाटे सुरू होतो, त्यामुळे त्यांच्या वेळेला वेगळं जावं लागेल. नाव, मोबाइल नंबर लिहून घेऊ नका, गरज नसते.

घरातून निघाल्यापासून कामावर पोहोचेपर्यंतचा पूर्ण वेळ घ्या, फक्त गाडीतला नको. खर्चाचंही तसंच. "प्रवासाला किती लागतात?" म्हटलं की लोक पासाचा आकडा सांगतात. स्टेशनपर्यंतच्या शेअर रिक्षाचे आणि उतरल्यावरच्या बसचे पैसे वेगळे विचारा. लांबच्या वस्त्यांत दोन्ही मिळून ते पासापेक्षा जास्त भरतात.